खरपुडीसाठी शिवलेल्या पिशव्या

मेंढरं विकली त्या वर्षी आबा माझ्याकडे बारामतीला राहायला आले. आले कसले, भावानेच त्यांना मोटरसायकलवर बसवून आणलं आणि जिन्याखाली मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, चार दिस झालं, नीट जेवत न्हाईत. तुझ्या हातचं खातील म्हणून आणलंय."

सुप्याच्या पलीकडे आमची वाडी. आबांनी सगळा जन्म मेंढरांमागे काढला. दिवाळी झाली की कोकणाकडे, पावसाच्या तोंडाला परत. गुडघे गेले, भावाला मेंढरांत रस नव्हता, माळावरची चराई कमी झाली, आणि एक दिवस टेम्पो आला. मेंढरं चढत होती तेव्हा आबा पाठ फिरवून उभे होते, असं भावाने सांगितलं.

मी बारामतीत बायकांचे कपडे शिवते. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची. आबा सकाळी दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसायचे. गिऱ्हाईक बाई माप द्यायला आली की लाजून उठायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. तासाभरात चार बायका आल्या तर चार वेळा उठायचे. शेवटी मीच म्हटलं, "आबा, वर गच्चीत बसा. माझी झाडं हायेत तितं, वाईच बघा."

झाडं म्हणजे कुंड्यांतली पाच-सहा. त्यात एक हळदकुंकू होतं, लाल-पिवळ्या तुऱ्यांचं. दुपारी जेवायला बोलवायला गेले तर आबा त्या कुंडीपाशी उकिडवे बसलेले. हातात तोडलेलं पान आणि देठाला आलेला पांढरा चीक.

"हे रुईच्या घरातलं हाय," ते म्हणाले. "खरपुडीची भावकी."

चार दिवसांत "व्हय" आणि "न्हाय" याखेरीज त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी तिथेच बसले. जेवण खाली निवत राहिलं.

खरपुडी हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला होता. मी लहान असताना आबा माळावरून आले की पागोट्याच्या पदराला गाठ असायची. गाठीत सुपारीपेक्षा थोडे मोठे, मातकट कंद. आई ते पाण्यात चोळून सालं काढायची आणि आम्ही भावंडं कच्चेच कचाकचा खायचो. पाणीदार, गोडसर, मागून थोडे कडू.

"आता असती का हो खरपुडी?" मी विचारलं.

आबा बराच वेळ हातावरचा चीक चोळत राहिले. "कुठली? आमीच खाल्ली की समदी. वेल दिसला की काठी घातली, कांदा काढला. एक मागं ठिवावा, असं कुणाच्या मनात आलं न्हाय. माझ्याबी न्हाय."

मेंढरांबद्दल ते काहीच बोलत नव्हते, पण या वेलाबद्दल बोलत होते. मी लगेच म्हटलं, "चला, हुडकू या."

श्रावण होता. दुकान बंद असलं की मी आबांना स्कूटरवर मागे बसवायची आणि वाडीकडे जायची. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. आबा मोकळ्या माळाकडे बघतही नव्हते. काठीने काटेरी झुडपं बाजूला करून आत डोकवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मेंढराचं तोंड पोचतंय तितं ती कशी राहील? बोराटीच्या जाळीत बघ. काट्यानं राखली असंल तर असंल."

तिसऱ्या खेपेला ती आमच्याच रानात सापडली. वरच्या कोपऱ्यात बांधावर बोराटीची जाळी होती, तिच्यात. दोऱ्यासारखा बारीक वेल काट्यांना वेढे घालत वर गेलेला, पानं जाडसर. आणि वेलावर फुलं. बोटाच्या दोन पेरांएवढी, खाली फुगीर, मध्ये निमुळती नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. हिरवट, टोकाला जांभळी. मला शिवणकामातलंच सुचतं, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं की ही उलटी धरलेली फुग्याची बाही आहे. आबा जमिनीवर बसले आणि मान वाकडी करून बघत राहिले.

"ह्ये हिचं फूल?" ते म्हणाले. "मी कवाच बघितलं न्हवतं."

"असं कसं? जन्मभर खाल्लीत की."

"फूल यायच्या आदीच काढायचो गं."

असं म्हणता म्हणता त्यांचा हात काठीवर गेला आणि काठीचं टोक वेलाच्या बुडाशी टेकलं. सवयीचा हात तो. मी मनगट धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काठीकडे, आणि काठी लांब ठेवून दिली.

"बी धरू या," मी म्हटलं.

बी कसं धरायचं हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एक बाई इंदापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. राहायला बारामतीत, रोज एसटीने जाऊन-येऊन. या मॅडमना मोबाइलवरचा फोटो दाखवला तर माप देता देता त्या थांबल्या.

"ताई, हे कुठे मिळालं?"

"आमच्या बांधावर."

"याला कंदीलपुष्प म्हणतात. जपा हं. खणू नका." मग माझ्या हातातली टेप तशीच धरून त्यांनी मला फुलाची सगळी रीत सांगितली. बारकी माशी वासाने फुलाच्या नळीत उतरते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे तिला वर येता येत नाही. एखाद-दोन दिवसांनी केस सुकतात आणि माशी सुटते, जाताना पराग घेऊन. मग शेंगा धरतात, एका ठिकाणी दोन, शिंगांसारख्या. "पिकल्यावर शेंग उकलते आणि बी म्हातारी होऊन उडतं. त्याच्या आधी गाठलं पाहिजे."

त्या वर्षी आम्ही नाही गाठलं. नवरात्रात माझ्याकडे घागरा-चोळ्यांचं काम, दुकानातून डोकं वर निघेना. दसरा झाल्यावर गेलो तेव्हा शेंगा धरल्या होत्या आणि उकलूनही गेल्या होत्या. दोन्ही सालपटं वाळून कुरळी झालेली. काट्याला एक रेशमी झुपका अडकला होता, खाली बी नाही.

तेवढ्यात आबांना हवेत एक म्हातारी दिसली. बी असलेली. ज्या माणसाला दोन पायऱ्या चढताना धाप लागायची तो काठी टाकून त्या म्हातारीमागे निघाला. हात वर करून, ढेकळांतून. मी मागून ओरडतेय, "आबा, पडाल!" म्हातारी वाऱ्याबरोबर वर-खाली होत बांध ओलांडून शेजारच्या बाजरीत गेली. आबा बांधाला टेकून धापा टाकत उभे राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या वर्साला आपुन जाळं लावू."

जाळं माझ्याकडे होतं. लहान मुलींच्या फ्रॉकांना आतून लावतात त्या नेटचे तुकडे दुकानात पोतंभर पडलेले असतात. पुढच्या श्रावणात शेंगा धरल्याचा आबांचा फोन आला तसं मी वीतभर लांबीच्या अरुंद पिशव्या शिवल्या. तोंडाला नाडी. वारा, ऊन आत जाईल, बी बाहेर जाणार नाही. गुलाबी नेट होतं. बोराटीच्या काळपट जाळीत त्या गुलाबी पिशव्या अशा दिसायच्या की रस्त्याने जाणारा माणूस थांबून विचारायचा, हा कसला नवस?

आबा तोवर वाडीवर परत गेले होते. त्यांना आता रोजचं काम मिळालं होतं. सकाळी भाकरी खाऊन बांधावर जायचं, पिशव्या बघायच्या, भावजयीच्या फोनवरून मला कळवायचं. "आज शेंग तट्ट फुगली." "आज रंग पालटला." दुसरं काही बोलायचे नाहीत, फोन बंद. भावजय मला सांगायची, जेवायला लागलेत.

शेंग पिशवीतच उकलली. मॅडम म्हणाल्या होत्या तसं बी कागदात ठेवलं, प्लास्टिकमध्ये नाही. सत्तावीस बिया निघाल्या. चपट्या, तपकिरी, प्रत्येकीला रेशमी शेंडी. आबांनी एकेकीची शेंडी खुडली आणि कागदाची पुडी करून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडं ठिव. आमच्याकडं उंदरं हायेत."

जूनमध्ये मी गच्चीवर दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या. मुरमाड माती वाडीहून आणली होती. आठवड्याने केसासारखे कोंब वर आले. एकूण एकोणीस. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि दुपारी मशीन थांबवून बघायला जायची. नवरा म्हणायचा, आमच्या पोरीच्या वेळी एवढं जागली नव्हतीस.

आणि मग मी त्यांतली तेरा रोपं मारली. मायेनेच मारली. दिवाळीनंतर वेल पिवळे पडले, पानं गळली. मला वाटलं पाणी कमी पडतंय. रोज घालत राहिले. आबा पौषात आले, त्यांनी एका डब्यात बोट घातलं आणि बोटाला सडलेला, बुळबुळीत कंद लागला.

"अगं, ही निजली व्हती," ते म्हणाले. "निजलेल्याला कुणी पाणी पाजतं का?"

मला फार अपराधी वाटलं. आबांनी सगळे डबे उपडे करून माती उन्हात पसरली, सहा कडक कंद निवडले आणि कोरड्या मातीत परत ठेवले. डबे माझ्या शिलाईच्या कपाटाखाली सरकवले. "पावसाळ्यातोवर हात लावायचा न्हाय. ऱ्हावंल तुला?"

"राहवेल," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीतच केलं. डोळ्यावर पट्टी, मी दिवसातून चार वेळा थेंब घालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"आक्का, एक चूक झाली."

वाडीवर शेततळं मंजूर झालं होतं. जेसीबी पुढच्या आठवड्यात येणार होता, पण दुसरीकडचं काम रद्द झालं म्हणून त्याच सकाळी आला. भाऊ डिझेल आणायला गेला होता. परत आला तोवर वरचा कोपरा, बांध, बोराटीची जाळी सगळं सपाट. उन्हाळ्यात वेल वाळून गेलेला असतो, वर काही खूणही नसते. ड्रायव्हरला काय दिसणार?

"खुरपं घेऊन दुपारपासनं माती चाळतोय," भाऊ म्हणाला. "दोन घावल्यात. एक कापलीया. आबांना काय सांगू?"

"तू काही सांगू नको," मी म्हटलं.

दोन दिवस मीही सांगितलं नाही. थेंब घालताना त्यांचं तोंड वर असायचं, डोळा उघडा माझ्याकडे, आणि मी नजर चुकवायची. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "काय झालंय? थेंब डोळ्यात न्हाय, गालावर पडतोय."

मग मी सगळं सांगितलं. जेसीबी, बांध, जाळी. आबा गालावर ओघळलेला थेंब पुसत उशीवर पडून राहिले. मला वाटलं, आता परत पूर्वीसारखे गप्प होतील.

"त्यो जेवला का, त्ये इचार," ते म्हणाले.

"कोण?"

"तुझा भाऊ. असं काय झालं की जेवत न्हाय त्यो. ल्हानपनापासनं." मग थोड्या वेळाने: "पाण्यापायी केलं त्यानं. आमी भुकंपायी खाल्ली. त्याला काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. हातात जेवणाचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन कंद. जिन्याच्या मधल्या पायरीवरच थांबला. चाळिशीचा माणूस, पण शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा उभा. मी वर ये म्हणाले तरी हलेना.

आतून आबांनी हाक मारली. "वर ये रं. आन डबा हिकडं आन."

भाऊ गेला. आबांनी फडकं उलगडलं, एका डोळ्याने निरखलं आणि खेकसले, "वल्या फडक्यात गुंडाळतंय व्हय? कुजंल की! दोघं भावंडं सारखीच. एक पाणी पाजून मारतीया, एक फडक्यात."

भावाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बोलणी खाऊन माणूस एवढा सुखावलेला मी दुसरा पाहिला नाही. आबांनी माझ्याकडे राख मागितली. गॅसच्या घरात राख कुठली? शेवटी देव्हाऱ्यातली उदबत्तीची रक्षा चालली. ती कापलेल्या कंदाला चोळली, दोन्ही कंद सावलीत सुकवले आणि मग मातीत ठेवले. त्या दिवशी आम्ही तिघं एका पंगतीला जेवलो. भावाने दोनदा भात घेतला.

पाऊस पडल्यावर कापलेला कंद फुटला. धडधाकट होता तो गेला. का, ते मॅडमनाही सांगता आलं नाही.

श्रावणात गच्चीवर माझ्या सहांपैकी चार वेलांना फुलं आली. आबा तेव्हा मुद्दाम राहायला आले होते, नवीन डोळ्याने बघायला. मी खाली मशीनवर असताना ते खुर्ची टाकून वेलांसमोर बसायचे. एका दुपारी वरून हाक आली, "माशी आत गेली!" दुसऱ्या दिवशी नाश्ताही खुर्चीवरच. दुपारी परत हाक. मी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून पळत वर गेले. दुकानात दोन बायका बसल्या होत्या, त्याही माझ्यामागे आल्या.

"सुटली," आबा म्हणाले. बोटाने आभाळाकडे दाखवत होते. आभाळात अर्थातच काही दिसत नव्हतं. त्या दोन बायकांपैकी एकीने टाळी वाजवली.

त्या वर्षी पिशव्यांमधून दोनशेच्या वर बी निघालं. काही मॅडमनी कॉलेजच्या बागेसाठी नेलं. बाकीचं कुठे पेरायचं हा प्रश्न भावानेच सोडवला. शेततळ्यात जनावर पडू नये म्हणून चहूकडून तारेचं कुंपण घातलेलं होतं. तळ्याचा भराव आणि कुंपण यांच्यामध्ये दोन हातांची पट्टी मोकळी होती. "हितं मेंढरू येत न्हाय, शेरडू येत न्हाय," तो म्हणाला. त्याने स्वतः तिथे मुरूम टाकला, वेलांना चढायला तुरीच्या काठ्या रोवल्या. आबा काठीने ओळ आखत गेले, मी मागून बी टाकत गेले.

मग मॅडमनी आबांना इंदापूरला बोलावलं. विद्यार्थ्यांशी बोला म्हणाल्या. आबा आधी नको नको म्हणत होते. "मी काय बोलू? मला लिवता येत न्हाय." पण त्या दिवशी सकाळी सहा वाजता धुतलेलं धोतर, नवं पागोटं घालून तयार. एसटीत खिडकीपाशी बसले. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक माळावर पूर्वी कुणाची मेंढरं बसायची ते सांगत गेले.

वर्गात चाळीसेक मुलंमुली. मॅडमनी फळ्यावर वेलाचं चित्र काढलं होतं. आबा फळ्याकडे पाठ करून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "म्या ह्यो वेल खाऊन संपवलाय. म्हणून मला हितं बोलावलंय." सगळे हसले. आबा हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं, वेल कसा ओळखायचा, जाळीत का बघायचं, कंद केव्हा निजतो. मी मागच्या बाकावर बसून पिशवीचं तोंड कसं बांधायचं ते दाखवायची वेळ येईल म्हणून वाट बघत होते.

एका मुलीने हात वर केला. "आजोबा, चवीला कशी लागते?"

आबांनी वळून फळ्यावरच्या चित्राकडे बघितलं.

"लई गोड," ते म्हणाले. "पर तुमी इचारू नगा, बाई. सांगितलं की खावीशी वाटती."

परत येताना एसटीत ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. मी आयुष्यात कधी त्यांना गाडीत झोपलेलं बघितलं नव्हतं. मेंढरांमागचा माणूस जागाच असतो. बारामतीचा स्टँड आला तरी मी त्यांना लगेच उठवलं नाही. कंडक्टरनेही घाई केली नाही.

आता तळ्याच्या पट्टीत पस्तीस-चाळीस वेल आहेत. कॉलेजच्या बागेतही आहेत आणि तिथल्या मुलींसाठी दर वर्षी भाद्रपदात मी पिशव्या शिवून देते. हल्ली पांढरं नेट वापरते. गुलाबीवर माकडं येतात असं कुणीतरी म्हणालं, खरं-खोटं देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात मी वाडीवर गेले तर आबा मला रानात घेऊन गेले. भावाने ज्वारीसाठी नांगरट केली होती. ट्रॅक्टरच्या नांगराचे चर, म्हणजे तास, सरळ, एकामागे एक. मध्येच एका ठिकाणी तास वाकडे झाले होते. बाजेएवढा तुकडा तसाच सोडून दोन्ही बाजूंनी वळून परत सरळ झालेले. तुकड्याच्या मधोमध बोराटीचं एक झुडूप आणि त्याच्यावर खरपुडीचा वेल. कुणी पेरलेला नाही. आपला आपण आलेला.

"त्यानं वळवला," आबा म्हणाले. "मी सांगितलं न्हवतं. टॅक्टर थांबवला, खाली उतरला, बघितलं, आन वळवला."

"मग तुमी काय म्हणालात त्याला?"

"म्हणायचं काय त्यात?" ते म्हणाले आणि झुडपाभोवती लावायला काट्याची फांदी ओढू लागले. मी दुसरं टोक धरलं. भाऊ बांधापलीकडे पाईप जोडत होता. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून काम करत राहिला.